‘हाताची चव’ : एका स्तुतीविरुद्ध

मराठीत काही स्तुतिवचने अशी आहेत की ती ऐकताना कोणाचा तरी मान वाढतो आहे असे वाटते, आणि प्रत्यक्षात त्या माणसाकडून काहीतरी काढून घेतले जात असते. ‘आईच्या हातची चव’ हे त्यांतले सर्वांत लाडके वचन. दिवाळी अंकांतले स्मरणलेख, ललित निबंध, आत्मचरित्रांची पहिली दोन प्रकरणे आणि अलीकडची खाद्यविषयक सदरे यांत ते इतके रुळले आहे की त्याला आक्षेप घेणे म्हणजे थेट आईलाच आक्षेप घेणे वाटावे. तरीही तो घ्यायला हवा, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी घ्यायला हवा; कारण हा प्रश्न स्वयंपाकाचा असण्याआधी भाषेचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : जळगाव-धुळ्याकडचा, म्हणजे खान्देशातला घरगुती स्वयंपाक ही शिकावी लागणारी, चुकली तर लगेच कळणारी, स्वतःचा शब्दसंग्रह आणि स्वतःचे निकष असलेली विद्या आहे. ‘हाताची चव’ म्हणताक्षणी या विद्येची निसर्गदत्त देणगी होते आणि ती आत्मसात करणाऱ्या बाईचे कर्तेपण पुसले जाते. हीच चूक मराठी समीक्षेने त्याच मातीतल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेबाबत केली आहे. दोन्हींची मुळे एक आहेत, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

१

‘हात’ हा शब्द आपण इतरत्र कसा वापरतो ते आधी पाहू. एखाद्या तबलावादकाविषयी ‘त्याचा हात गोड आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात गुरू, घराणे आणि रियाजाची वर्षे आपोआप उभी राहतात. तो हात गोड आहे, याचा अर्थ तो गोड केला गेला आहे. सुताराचा हात ‘बसलेला’ असतो, म्हणजे तो कधीतरी बसलेला नव्हता हे आपल्याला मान्य असते. आईच्या हाताविषयी बोलताना मात्र ही सारी पार्श्वभूमी गळून पडते. तिच्या हातात माया असते, वात्सल्य असते, फार झाले तर अन्नपूर्णेचा वास असतो. तिला कोणी शिकवले, किती वर्षे लागली, आधी काय बिघडत असे, हे प्रश्न कोणाला सुचत नाहीत.

दुसरा दाखला महामार्गावरचा घेऊ. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या आसपास शेवभाजीसाठी थांबणारे पुष्कळ असतात. भाजी आवडली की ते ढाब्याच्या मालकाला विचारतात, ‘मसाला कोणता वापरता?’ मालक हसतो आणि सांगत नाही. त्याच्या न सांगण्याला आपण धंद्यातले गुपित म्हणतो आणि त्याबद्दल त्याचा आदर करतो. तोच कांदा, तेच सुके खोबरे घरच्या चुलीवर काळसर होईपर्यंत भाजून केलेला रस्सा जिभेवर उतरला, तर मात्र मसाल्याची चौकशी होत नाही. ‘हाताला चव आहे’ एवढे म्हणून ताट पुढे सरकवले जाते. पुरुषाने पैसे घेऊन केले तर ज्ञान, बाईने फुकट केले तर स्वभाव, अशी ही वाटणी आहे.

खान्देशाच्या बाबतीत तिच्यावर आणखी एक विशेषण चढते : ‘झणझणीत’. पुण्या-मुंबईच्या खाद्यमहोत्सवांनी आणि भोजनगृहांच्या फलकांनी एका अख्ख्या प्रदेशाच्या पाकविद्येचे वर्णन एका शब्दात उरकले आहे. म्हणजे घरात तिचे वर्णन मायेने होते आणि बाहेर तिखटाने. मधल्या ज्ञानाचा उच्चार कुठेच होत नाही.

२

हे ज्ञान असते तरी काय? चार पदार्थ घेऊ.

पहिला मांडा, म्हणजे खापरावरची पुरणपोळी. बारीक दळलेले गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करतात. कणीक साध्या पोळीच्या कणकेपेक्षा खूप सैल, पाणी लावत लावत, दीर्घकाळ तिंबलेली असते. पिठातली प्रथिने पाणी शोषून आणि तिंबण्याने लवचिक जाळे धरतात; ते धरले नाही तर पुढचे सारे व्यर्थ. मग दोन छोट्या पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा मिटवायच्या आणि तो गोळा पोळपाटाच्या मदतीशिवाय, दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. पुरण जास्त ओले असेल तर तो फाटतो, कोरडे असेल तर सरकत नाही. शेवटी चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर तो एका झोकात टाकायचा. येथे दुसरी संधी नसते. खापर किती तापले आहे, हे बाई पाण्याच्या शिंतोड्यावरून आणि अंगाला जाणवणाऱ्या धगीवरून ठरवते.

साहित्याच्या वाचकाला मांडा माहीत असतो तो मात्र दुसऱ्याच मार्गाने. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मुक्ताबाई जिथे अंतर्धान पावली असे वारकरी परंपरा मानते ते तापीकाठचे मेहूण जळगाव जिल्ह्यात आहे, आणि जुने एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. त्याच जिल्ह्यात आजही बायका मांडे करतात. पण आपल्या वाङ्मयीन स्मृतीत पाठीचा चमत्कार राहिला आणि हाताचे कसब राहिले नाही. आख्यायिकेत खापर नव्हते म्हणून पाठ तापवावी लागली; मांडा करता येणे मात्र त्या कथेतही गृहीतच धरलेले आहे. ते मुक्ताबाईला कोणी शिकवले, हे विचारणारा टीकाकार आपल्याकडे झाला नाही.

दुसरा पदार्थ वांग्याचे भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोठे, हिरवट, पातळ सालीचे, कमी बियांचे हे वांगे. बामणोद-भालोदच्या परिसरातल्या वांग्यांची ख्याती जिल्ह्याबाहेरही आहे. ते भाजायला तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात. हा जाळ भडक आणि अल्पजीवी असतो, त्यामुळे साल करपून सुटते आणि गर धुराचा वास घेतो. भाजलेले वांगे सोलताना पाण्याखाली धरायचे नाही, नाहीतर तो वास वाहून जातो. मग लाकडी बडगीत ठेचायचे. दगडी वा लोखंडी भांड्यात गराचा लगदा होतो, लाकडात त्याचे धागे राहतात. तेलात हिरवी मिरची आणि लसूण, वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. काय घालायचे नाही याचा एवढा काटेकोर निर्णय ज्या पदार्थामागे आहे, त्याला ‘झणझणीत’ म्हणून मोकळे होणे हे वाचन नव्हे. नव्या कवितेतील शब्दांची काटकसर आपण वर्गात तासभर समजावून सांगतो. ही काटकसर मात्र आपल्या नजरेतून सुटते.

तिसरा पदार्थ कळण्याची भाकरी. येथे शब्दकोशालाच हात घालावा लागतो. प्रमाण मराठीत ‘कळणाकोंडा’ म्हणजे दरिद्र्याचे निकृष्ट अन्न. कळणाकोंडा खाऊन दिवस काढले, असे आपण म्हणतो. खान्देशात कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद ठरावीक प्रमाणात मिसळून, मिठासह दळलेले पीठ. साधारण तीन-चार वाट्यांना एक वाटी उडीद, असे हे प्रमाण घरोघरी थोडे बदलते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उडदाचा बुळबुळीतपणा तिला धरून ठेवतो आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. शिवाय तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, म्हणून एकाचे उणे दुसरे भरून काढते. आहारशास्त्राने हे विसाव्या शतकात सांगितले; दळणाच्या डब्यात ते त्याआधीपासून होते. तरीही एकाच शब्दाचा एक अर्थ पोटावर मारलेल्या चिमट्याचा आणि दुसरा अर्थ एका सुविहित मिश्रणाचा, आणि कोशातला मान पहिल्याला, ही विभागणी सहज झालेली नाही. कोणाची भाषा प्रमाण ठरली, याची ती नोंद आहे.

चौथा पदार्थ बिबडे. ज्वारी काही दिवस भिजत घालून आंबवायची, दळायची, तिखट-मीठ, लसूण, तीळ, जिरे घालून शिजवायची आणि हातानेच कपड्यावर पातळ गोल पसरवून वाळवायची. फाल्गुन-चैत्रातले हे काम. आंबवण अर्धा दिवस जास्त झाले की चव उतरते, कमी झाले की बिबडा भाजल्यावर फुलत नाही. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. वृत्तपत्रांत ती आपत्ती म्हणून येते, पाककृतीत ती एक घटक म्हणून येते. पुणेरी गृहिणीने तीच कृती शब्दशः केली तरी तो बिबडा होणार नाही, कारण तिच्या गच्चीवर ते ऊन नाही.

आता या चारही ठिकाणी पाहा : प्रमाण आहे, क्रम आहे, कारणमीमांसा आहे, निषेध आहेत, ऋतू आणि साधन यांची निवड आहे, चूक ओळखण्याच्या खुणा आहेत. एखाद्या विद्येकडून याहून अधिक काय अपेक्षित असते?

३

बहिणाबाईंकडे येऊ. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्यात त्यांचा जन्म झाला, १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. मुलगा सोपानदेव हा स्वतः कवी होता म्हणून ही गाणी कागदावर टिकली. तेव्हापासून आजवर त्यांच्याविषयीचे मराठी लेखन एका शब्दाभोवती फिरते : ‘असूनही’. निरक्षर असूनही केवढी प्रतिभा! शेतात राबणारी असूनही केवढे तत्त्वज्ञान! या ‘असूनही’मध्ये असे गृहीत आहे की काव्याची विद्या फक्त अक्षरांच्या वाटेने येते. ज्याला ती वाट मिळाली नाही, त्याच्याकडे विद्या असूच शकत नाही; मग जे दिसते ते उत्स्फूर्त, ईश्वरी, निसर्गदत्त मानावे लागते. स्वयंपाकघरात याच गृहीताचे नाव ‘हाताची चव’.

जगाच्या साहित्यविचारात या समजुतीला कधीच धक्का बसला आहे. मिल्मन पॅरीने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील मौखिक महाकाव्य गाणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण केले, आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याने १९६० च्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात त्या गायकांच्या शिक्षणाच्या पायऱ्या मांडल्या. आधी नुसते ऐकणे आणि मुरवणे. मग स्वतः जुळवून पाहणे, चुकणे, छंदात बसवणे. शेवटी चोखंदळ श्रोत्यांपुढे उभे राहणे. गायक निरक्षर होते आणि कमालीचे शिक्षित होते. या दोन गोष्टींत विरोध नाही, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले.

याच पायऱ्या खान्देशातल्या चुलीला लावून पाहा. मुलगी आधी शेजारी बसून बघते; काड्या सरकवते, शेंगदाणे निवडते. मग तिच्या हाती पहिली भाकरी येते, जी चिरते आणि मोडते, आणि जी घरात कोणी हसून तर कोणी रागावून खाते. आणि शेवटी चोखंदळ श्रोते : सासरची पंगत. एवढी कठोर परीक्षा मराठी विभागांत तोंडी परीक्षेलाही होत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खान्देशात लेकींनी माहेरी येण्याचा सण. झोक्यावर गाणी होतात, पितरांची घागर भरली जाते, सांजोऱ्या तळल्या जातात, पुरणपोळीशेजारी आमरस येतो. पितरांना दाखवल्याशिवाय आंबा खायचा नाही, अशी अनेक घरांतली रीत आहे. त्या चार दिवसांत माहेरची आणि सासरची पद्धत एका ओसरीवर भेटते. कोणाकडे पुरणात जायफळ, कोणाकडे वेलची, कोणाची सांजोरी का विरघळली, यावर बोलणे होते. हे बोलणे म्हणजे त्या विद्येची समीक्षा आहे. तिचे इतिवृत्त कोणी ठेवले नाही म्हणून ती झालीच नाही, असे मानण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बहिणाबाईंच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत संसाराची उपमा चुलीवरच्या तव्यातून आली आहे. आपण तीत तत्त्वज्ञान वाचतो आणि तवा विसरतो. तव्याचे तापमान, भाकरीची वेळ, चटका बसण्याचा आणि न बसण्याचा क्षण हे ज्याने वर्षानुवर्षे हाताळले आहे त्यालाच ती उपमा सुचू शकते. तिच्यामागे अनुभव तर आहेच, पण अनुभवाचे सूक्ष्म वर्गीकरणही आहे. त्यांच्या सुगरण पक्ष्यावरच्या कवितेकडेही असेच पाहावे लागेल. पिलांविषयीची माया तीत आहेच, पण कवयित्रीची नजर खिळली आहे ती घरट्याच्या विणीवर, त्याच्या लटकण्यावर, चोचीसारख्या तोकड्या साधनाने साधलेल्या कारागिरीवर. आणि मराठीने या पक्ष्याला नाव दिले ते पाककुशल स्त्रीचे. ‘सुगरण’ हा शब्द कौशल्याचा आहे; तो असताना आपण ‘हाताची चव’ का निवडली?

४

तीन आक्षेप येतील, हे दिसते.

पहिला : स्वयंपाकात माया नसते का? असते. पण मायेने आंबवण होत नाही. अतिशय प्रेमळ बाईचे बिबडेही चिवट होतात आणि खाष्ट सासूच्या मांड्याला गाव नावाजते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. माया हे करण्याचे कारण असू शकते. ती करण्याची रीत नव्हे. डॉक्टरला रुग्णाविषयी कळवळा असेल तर उत्तमच, पण त्याच्या निदानाला आपण कळवळा म्हणत नाही.

दुसरा : हे ज्ञान शब्दांत न येणारे आहे. मायकेल पोलान्यीने ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले, त्या जातीचे. म्हणून ‘हात’ म्हणणेच योग्य. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. पोहणे, सतार, शस्त्रक्रिया या साऱ्यांत अव्यक्ताचा मोठा वाटा आहे. तरी त्या विद्यांना शिक्षक आहेत, परिभाषा आहे, मोबदला आहे आणि करणाऱ्याचे नाव आहे. अव्यक्त म्हणजे अनामिक, हे समीकरण फक्त स्वयंपाकघरातच का लागू होते? शिवाय ‘अंदाजाने घालते’ हे बाईचे उत्तर आपण फार लवकर अज्ञान म्हणून स्वीकारतो. अंदाज म्हणजे मापाचा अभाव नव्हे. यंदाचे वांगे किती मोठे, मिरची किती तिखट, ज्वारी नवी की जुनी, दादर की संकरित, हे पाहून दर वेळी दुरुस्त केलेले ते माप असते. वाटी-चमचा हे स्थिर माप, अंदाज हे सुधारत जाणारे माप.

तिसरा आक्षेप : लिहून काढले की स्वयंपाक साचेबंद होतो, गोठतो. ज्यांचे आधीच लिहिले गेले आहे त्यांनीच हा आक्षेप घेतलेला दिसतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आले आणि पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकाला एका बाईचे नाव मिळाले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि परगावी संसार थाटलेल्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शिकल्या. ओगल्यांचे मोठेपण याच गोष्टीत आहे की त्यांनी अंदाजाचे रूपांतर वाटी-चमच्यात करून दाखवले, म्हणजे ‘हाताची चव’ ही कल्पनाच व्यवहारात खोटी ठरवली. त्याने पश्चिम महाराष्ट्रातला स्वयंपाक गोठला नाही. उलट तोच ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ म्हणून सर्वत्र गेला. ज्यांना ग्रंथ मिळाले त्यांना लेखिका मिळाल्या, आणि ज्यांना ते उशिरा, तुरळक मिळाले त्यांच्या वाट्याला ‘हात’ आले. खान्देश दुसऱ्या गटात आहे.

५

या शब्दप्रयोगाने प्रत्यक्ष नुकसान कोणाचे होते, हे आता रोख बोलायला हवे.

कानबाईच्या सणाला खान्देशातल्या अनेक कुळांत ‘रोटां’साठी धान्य घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, मूठ मूठ मोजून. निवडणे, दळणे, रांधणे बायकांचे. मोजदादीत नाव एकाचे आणि कामात हात दुसऱ्याचे, याहून स्पष्ट रूपक शोधायला नको. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. माया या शब्दाचा देशव्यापी हिशेब असा दिसतो.

बचत गटांच्या प्रदर्शनांत आता खापराची पुरणपोळी समोर करून विकतात. ही चांगली गोष्ट आहे. पण तेथेही फलकावर ‘घरगुती’ लिहिलेले असते, आणि ‘घरगुती’ या शब्दाची बाजारातली पहिली खूण म्हणजे घासाघीस. मेजवानीच्या आचाऱ्याशी माणूस दराबद्दल बोलतो, मांडे करणाऱ्या बाईला म्हणतो, ‘मावशी, घरचंच तर आहे.’ धगीसमोर चार तास उभे राहणे आणि ते करता येण्यासाठी आधी घातलेली वीस वर्षे यांतले काहीच त्या दरात येत नाही, कारण आपण हे सारे तिच्या स्वभावात जमा केलेले असते. वांग्याला २०१६ मध्ये कायदेशीर नाव मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळ्यालाही मिळाले. भरीत करणारीला अजून मिळायचे आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वर मी जे चार पदार्थ घेतले ते बहुतांशी शेतीवाडी असलेल्या घरांतले आहेत. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांचा, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा स्वयंपाक ‘खान्देशी’ या फलकावर क्वचितच चढतो. ‘आईच्या हातची चव’ मिरवण्याची मुभाही सगळ्यांना सारखी मिळालेली नाही; काहींच्या आईच्या हातचे अन्न इतरांनी शिवायचेच नाही अशी व्यवस्था होती. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांच्या अन्नाची नोंद केली. २०२४ मध्ये ते पुस्तक इंग्रजीतही गेले. त्याचे शीर्षकच ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. पाटोळे यांच्या लेखनात गहिवर कमी आणि माहिती जास्त आहे : कोणता भाग, कसा कापायचा, कसा वाळवायचा, कसा टिकवायचा. ज्यांच्या अन्नाची किळस केली गेली त्यांना गहिवराची चैन परवडत नाही. त्यांना ज्ञान म्हणूनच ते मांडावे लागते. खान्देशाविषयी असे पुस्तक लिहिणाऱ्याने तो नमुना समोर ठेवावा, स्मरणरंजनाचा नव्हे.

६

मग करायचे काय? साहित्याच्या माणसांनी करण्याजोगे काम फार जवळ आहे.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने १९२७ मध्ये संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर याच मंडळाने प्रसिद्ध केला. आता स्वयंपाकघरातले धातू आठवून पाहा : तिंबणे, मळणे, थापणे, घोटणे, ठेचणे, रगडणे, भरडणे, कांडणे, पाखडणे, वाटणे, परतणे, शेकणे, भाजणे, उकडणे, निथळणे, मुरवणे. भरीत ठेचायचे असते, वांग्याची भाजी घोटायची असते, मसाला वाटायचा असतो. एकाच्या जागी दुसरे केले तर पदार्थ बदलतो. जी भाषा दाबण्याच्या क्रियेचे इतके भेद करते तिच्या बोलणाऱ्या बायका ‘हाताने, अंदाजाने’ काम करतात, हे म्हणणे त्या भाषेचाच अपमान आहे. आणि ही झाली फक्त प्रमाण रूपे. अहिराणी, लेवा बोली, भिल्ली, पावरी यांतले भेद त्यापलीकडे आहेत.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. त्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका स्वयंपाक करणाऱ्या बाईकडून वीस क्रियापदे, दहा भांडी-साधनांची नावे आणि एक कृती तिच्याच बोलीत उतरवून आणली, तर पाच वर्षांत जो कोश उभा राहील तो कोणत्याही चर्चासत्राच्या स्मरणिकेपेक्षा जास्त टिकेल. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी लागते. ज्यांच्या घरी खापर अजून चुलीवर चढते अशा बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, म्हणून हे काम पुढच्या आराखड्यात ढकलण्यासारखे नाही. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांमुळे वाचली. प्रत्येक घरात सोपानदेव नसतो, म्हणूनच तर विभाग आणि प्राध्यापक असतात.

नोंदीचे नियमही साधे असावेत. कृतीच्या वर करणारीच्या संमतीने तिचे नाव लिहावे. ती कोणाकडून शिकली ते लिहावे, म्हणजे माहेर-सासरचे ते घराणे कागदावर येईल. पूर्वी काय बिघडत असे आणि ते कसे सुधारले, हे विचारावे. विद्येचा खरा इतिहास दुरुस्त्यांमध्येच असतो. पुरण किती ओले, खापर किती तापलेले, हे तिच्या शब्दांत घ्यावे, आपल्या शब्दांत ‘योग्य प्रमाणात’ असे लिहून मोकळे होऊ नये. आणि स्मरणलेख लिहिणाऱ्यांना एक विनंती : आईविषयी लिहिताना ‘हाताची चव’ हे शब्द येऊ लागले की लेखणी थांबवावी आणि आई ते कसे करत असे, हे लिहून पाहावे. लिहिता आले, तर लेख चांगला होईल. नाही आले, तर उठून स्वयंपाकघरात जावे आणि तिला विचारावे.